हाक आणि ओ : संप्रेरकांच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा

रक्ततपासणीचा अहवाल हातात आला की नजर आपोआप ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे जाते. इतर अनेक तपासण्यांमध्ये या सवयीने फारसे बिघडत नाही. संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, बाबतीत मात्र ती फसवते. ठळक न छापलेला आकडा एखाद्या गंभीर आजाराची खूण असू शकतो, आणि ठळक छापलेला आकडा ठणठणीत माणसाचाही असू शकतो. याचे कारण असे, की शरीरातील संप्रेरके एकेकटी काम करत नाहीत. एक ग्रंथी हाक देते, दुसरी तिला ओ देते, आणि ओ ऐकू आली की पहिली आपला आवाज खाली आणते. अहवालातला आकडा हे या संवादातले एकच वाक्य असते. ते वाक्य कोणाचे, कोणत्या वेळचे आणि कशाला उत्तर म्हणून आलेले, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही.

पुढील मार्गदर्शन घरच्या घरी निदान करण्यासाठी नाही. नमुना देण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, अहवालातले आकडे कोणत्या जोडीने पाहावेत आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय विचारावे, एवढे या वाचनातून साधावे अशी अपेक्षा आहे.

हाक पोहोचते कशी

१९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवून दिले, की लहान आतड्याच्या अस्तरातून निघणारे एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत जाते आणि त्याला पाचकरस सोडायला लावते. त्यासाठी मज्जातंतूंची गरज पडत नाही. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रीटिन म्हटले आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा सर्व द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. चेतवणे, प्रवृत्त करणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला आहे. मराठीतला ‘संप्रेरक’ हा शब्दही प्रेरणेचाच अर्थ सांगतो.

रक्त सर्वत्र फिरते, त्यामुळे संप्रेरकही सर्वत्र पोहोचते. पण ज्या पेशीपाशी ते धरून घेणारा ग्राही असतो, तिथेच त्याचा परिणाम होतो. म्हणून आजार तीन ठिकाणी उद्भवू शकतो : संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथीत, त्या ग्रंथीला हुकूम देणाऱ्या ग्रंथीत, किंवा ऐकणाऱ्या पेशींत. अहवाल वाचताना मनात हाच प्रश्न ठेवावा, की बिघाड बोलणाऱ्याकडे आहे, बोलावणाऱ्याकडे आहे की ऐकणाऱ्याकडे.

हुकूम देण्याचे काम मुख्यतः पीयूषिका ग्रंथी करते. मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम भरते. तिच्या वर मेंदूचाच एक भाग असलेला अधश्चेतक असतो. थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी, अंडाशय आणि वृषणे यांना पीयूषिका वेगवेगळ्या संप्रेरकांनी हाक देते. त्या ग्रंथींचे संप्रेरक रक्तात पुरेसे वाढले, की अधश्चेतक आणि पीयूषिका दोन्ही आवरते घेतात. काही मोजक्या प्रसंगी याच्या उलटही घडते. प्रसूतीच्या वेळी ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि त्या आकुंचनामुळे आणखी ऑक्सिटोसिन सुटते. बाळ जन्माला येईपर्यंत ही चढती साखळी थांबत नाही. एरवी शरीराचा नियम आवाज खाली आणण्याचाच आहे.

थायरॉइडची जोडी

सर्वाधिक मागवली जाणारी तपासणी थायरॉइडची असल्यामुळे ती नीट समजून घ्यावी. ती उलगडली की बाकीच्या ग्रंथींचे गणितही बरेचसे उलगडते. टीएसएच हे पीयूषिकेचे संप्रेरक आहे, म्हणजे ती हाक आहे. टी-४ आणि टी-३ ही थायरॉइडची संप्रेरके आहेत, म्हणजे ती ओ आहे. ‘माझे टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइड वाढले’ असे अनेक जण म्हणतात. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. थायरॉइड पुरेशी ओ देत नाही म्हणून पीयूषिकेला हाक मोठी करावी लागते.

समजा, एका अहवालात टीएसएच १८ आहे आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले मोकळे टी-४, डेसिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅम आहे. प्रौढांमध्ये टीएसएचची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ आणि फ्री टी-४ ची साधारण ०.८ ते १.८ अशी छापलेली असते. हाक मोठी आणि ओ क्षीण. म्हणजे बिघाड थायरॉइडमध्येच आहे. आयोडीन पुरेसे मिळत असेल तर याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे १९१२ साली हाकारू हाशिमोतो यांनी वर्णन केलेला आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडच्या पेशींवर उलटते.

आता दुसरा अहवाल पाहावा. फ्री टी-४ तेवढेच, म्हणजे ०.५, पण टीएसएच २.१. टीएसएचचा आकडा मर्यादेत असल्यामुळे तो ठळक छापलेला नाही, आणि फक्त टीएसएच मागवले असते तर ‘सर्व ठीक’ असे समजून हा कागद फाइलमध्ये गेला असता. परंतु ओ इतकी क्षीण असताना हाक मोठी व्हायला हवी होती आणि ती झालेली नाही. म्हणजे बोलावणाऱ्या पीयूषिकेतच काहीतरी अडले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पीयूषिकेच्या हुकमावर चालणारी इतर संप्रेरके, विशेषतः अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल, तपासल्याशिवाय थायरॉइडची गोळी सुरू करू नये. कॉर्टिसॉलची कमतरता असताना आधी थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, दिले तर रुग्णाची प्रकृती धोकादायकरीत्या ढासळू शकते. ‘सामान्य’ छापलेला आकडा त्या परिस्थितीत सामान्य आहे का, हे विचारायला शिकणे ही या सगळ्या वाचनातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे मला वाटते.

टीएसएच अगदी कमी आणि टी-४ किंवा टी-३ जास्त असेल, तर थायरॉइड हाकेची वाट न पाहता बोलत सुटली आहे असे समजावे. वजन घटणे, छातीत धडधड, हातांना कंप, उकाडा सहन न होणे ही त्याची लक्षणे असतात. टीएसएच किंचित वाढलेले आणि टी-४ व्यवस्थित, हा प्रकार फार आढळतो. त्यात घाईने आयुष्यभराची गोळी सुरू करण्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून पाहणे बहुतेकदा योग्य ठरते. टीएसएच १० च्या वर असेल, गरोदरपण असेल किंवा ते अपेक्षित असेल, तर मात्र निर्णय लांबवू नये. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच स्वाभाविकपणेच खाली येते, म्हणून त्या काळासाठी वेगळी मर्यादा वापरावी लागते. आणि आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीला बहुधा डोस वाढवून लागतो, त्यामुळे गर्भधारणा कळताच डॉक्टरांशी बोलावे.

टीएसएच हे टी-४ च्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणात हलते. टी-४ थोडेसे घटले तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढते, म्हणून ४ वरून ५ झालेल्या आकड्याने घाबरून जाऊ नये. शिवाय टी-४ चे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, साधारण ७ दिवसांचे असल्यामुळे डोस बदलल्यावर त्याची रक्तातली पातळी स्थिर व्हायला आणि पीयूषिकेने त्याची दखल घ्यायला वेळ लागतो. डोस बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच तपासावे. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी पैसे आणि मनःशांती दोन्ही वाया घालवते.

गोळी कशी घ्यावी, यावरही अहवाल अवलंबून असतो. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची नेहमीची गोळी, सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून किमान चार तास लांब ठेवाव्यात, कारण त्या तिला आतड्यातच अडवून धरतात. फ्री टी-४ तपासायचे असेल, तर त्या दिवशीची गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी.

घड्याळ पाहून द्यायचे नमुने

कॉर्टिसॉल पहाटेपासून चढत जाते, सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. म्हणून सकाळी आठचा आणि दुपारी चारचा आकडा यांची तुलना करता येत नाही. कॉर्टिसॉल कमी असल्याची शंका असेल तर नमुना सकाळी आठ-नऊच्या दरम्यान घ्यावा; ते जास्त असल्याची शंका असेल तर उलट, जेव्हा ते कमीच असायला हवे अशा रात्रीच्या वेळी लाळेत तपासतात. किंवा रात्री अकराला डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या कृत्रिम औषधाची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात, की खोटी ओ ऐकवल्यावर पीयूषिका हाक थांबवते की नाही. या तपासणीमागचा विचार मला नेहमीच सुंदर वाटत आला आहे : संप्रेरक कमी असल्याची शंका असेल तर ग्रंथीला डिवचून पाहावे आणि जास्त असल्याची शंका असेल तर तिला गप्प करून पाहावे.

टेस्टोस्टेरॉन सकाळी, शक्यतो उपाशीपोटी, आणि कमी आढळल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. एकाच नमुन्यावरून उपचार सुरू करू नयेत. स्त्रियांमध्ये एफएसएच (अंडाशयाला दिलेली पीयूषिकेची हाक) आणि इस्ट्राडायोल (अंडाशयाची ओ) सामान्यतः पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान तपासतात, तर अंडे सुटले की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉन पुढच्या अपेक्षित पाळीच्या सुमारे सात दिवस आधी तपासतात. ‘एकविसावा दिवस’ हा प्रचलित सल्ला फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू पडतो. ३५ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीने अठ्ठाविसावा दिवस धरावा. प्रोलॅक्टिन हे दूध तयार करायला लावणारे पीयूषिकेचे संप्रेरक ताणाने, झोपेने आणि उलटी किंवा मनोविकारांवरील काही औषधांनी वाढते, म्हणून धावतपळत येऊन नमुना देण्याऐवजी थोडा वेळ शांत बसून तो द्यावा. वाढ-संप्रेरक दिवसभरात झटक्याझटक्याने सुटते. त्याचा सुटा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि त्याऐवजी त्याच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात बनणारे आणि रक्तात स्थिर राहणारे आयजीएफ-१ पाहतात.

नमुन्याआधी बायोटिनची चौकशी करावी

माझ्या मोठ्या बहिणीच्या अहवालात काही वर्षांपूर्वी टीएसएच ०.०२ आले आणि फ्री टी-४ मर्यादेच्या बरेच वर. कागदावरून पाहता थायरॉइड अतिसक्रिय झाल्याचे ते हुबेहूब चित्र होते आणि उपचारांची भाषाही सुरू झाली होती. पण ती समोर शांत बसलेली, हात पुढे धरला तर बोटांना कंप नाही, नाडी मिनिटाला ७२, वजन उलट दोन किलो वाढलेले. चौकशी करता कळले, की केस गळतात म्हणून ती रोज बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेत होती. ती बंद करून आठवडाभराने पुन्हा नमुना दिला, तेव्हा दोन्ही आकडे मर्यादेत आले.

शरीराला बायोटिन दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशेपटींहून अधिक. अनेक प्रयोगशाळांतली यंत्रे संप्रेरक मोजण्यासाठी बायोटिनचीच रासायनिक पकड वापरतात, आणि रक्तात ते भरमसाट असेल तर काही मोजण्या खोट्याच खाली जातात आणि काही खोट्याच वर. केस, नखे किंवा त्वचेसाठीची कोणतीही गोळी चालू असेल तर तिच्या वेष्टणावर बायोटिन आहे का ते पाहावे, नमुन्यापूर्वी किमान दोन दिवस ती थांबवावी आणि डोस मोठा असल्यास किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांना विचारावे. अहवाल आणि माणूस यांचे जमत नसेल, तर आधी अहवालावर शंका घ्यावी.

स्टिरॉइड आणि झोपी गेलेली ग्रंथी

या विषयातली सर्वांत गंभीर चूक स्टिरॉइडच्या गोळ्यांबाबत होते. दमा, सांधेदुखी किंवा त्वचाविकारासाठी प्रेडनिसोलोनसारखे औषध तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतले, तर बाहेरून आलेल्या या ओमुळे पीयूषिका हाक देणेच सोडून देते आणि हाक न मिळालेली अधिवृक्क ग्रंथी हळूहळू निजते. बरे वाटू लागले म्हणून रुग्ण एके दिवशी गोळी अचानक बंद करतो. आता बाहेरचा पुरवठा थांबलेला असतो आणि आतला सुरू झालेला नसतो. कमालीचा थकवा, मळमळ, उभे राहताच चक्कर, आणि त्यातच ताप किंवा शस्त्रक्रियेचा ताण आला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनीच कमी करावे. मोठ्या मात्रेतली श्वासावाटे घ्यायची औषधे, सांध्यात दिलेली इंजेक्शने आणि दीर्घकाळ लावलेली तीव्र मलमे यांनीही असे घडू शकते. कोणत्याही नव्या डॉक्टरांना त्यांची माहिती न विसरता द्यावी.

अधिवृक्क ग्रंथी स्वतःच निकामी होते तेव्हा चित्र वेगळे असते. १८५५ साली थॉमस ॲडिसन यांनी या आजाराचे वर्णन केले. इथे कॉर्टिसॉल नसल्यामुळे पीयूषिका एसीटीएच नावाची हाक सतत मोठी करत राहते, आणि ते संप्रेरक त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवते. त्यामुळे तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण आणि बोटांचे सांधे गडद होत जातात. म्हणजे हाक अक्षरशः त्वचेवर उमटते. पीयूषिकेच्या बिघाडात कॉर्टिसॉल तितकेच कमी असले तरी त्वचा अशी काळवंडत नाही. वजन घटते आहे, खारट खावेसे वाटते आहे, रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त आहे आणि हिरड्यांवर गडद डाग दिसत आहेत, असे एकत्र आढळले तर सकाळचे कॉर्टिसॉल आणि एसीटीएच यांची जोडीने तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

या आजाराचे निदान झालेल्यांनी आजारपणातले नियम लेखी मागून घ्यावेत : ताप आला तर डोस किती वाढवायचा, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन कोणी आणि कधी द्यायचे, आणि रुग्णालय केव्हा गाठायचे. आजाराची नोंद असलेले कार्ड खिशात बाळगावे आणि घरातल्या किमान एका व्यक्तीला इंजेक्शन देता यावे.

पीयूषिकेविना चालणारे संवाद

रक्तातली साखर सांभाळणाऱ्या इन्सुलिनला पीयूषिकेचा हुकूम लागत नाही. साखर वाढणे हीच हाक आणि स्वादुपिंडातून सुटलेले इन्सुलिन ही ओ. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. दुसऱ्या प्रकारात पेशी नीट ऐकेनाशा होतात आणि स्वादुपिंड बोलून बोलून थकते. निदानासाठी इन्सुलिन मोजण्याची सहसा गरज नसते. उपाशीपोटी साखर डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) ६.५ टक्के किंवा अधिक, हे निकष पुरतात. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी. एचबीएवनसी तांबड्या पेशींवरून मोजतात आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांचे आयुष्य घटवणारा रक्तविकार असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर हा आकडा विश्वासार्ह राहत नाही. लहान मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले आणि वाळत चालले असेल, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. उलट्या, पोटदुखी किंवा जोराचा श्वास सुरू झाला असेल तर थेट तातडीच्या विभागात न्यावे.

कॅल्शियम आणि ते वाढवणारे, थायरॉइडलगतच्या छोट्या ग्रंथींचे पॅराथायरॉइड संप्रेरक यांचीही जोडीच पाहावी. कॅल्शियम वाढलेले असताना ते संप्रेरक मर्यादेत असेल, तरी तो आकडा सामान्य समजू नये. अशा वेळी ते दबलेले असायला हवे होते.

पीसीओएस या स्त्रियांच्या अंडाशयाशी निगडित विकारात तर कोणताही एक आकडा निदान करत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा वाढीव प्रभाव आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या अनेक लहान पुटिका, या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणे आधी वगळावी लागतात. केवळ सोनोग्राफीच्या एका ओळीवरून एखाद्या मुलीला हे नाव चिकटवणे अन्यायाचे आहे.

कागद हातात आल्यावर

प्रथम एकक पाहावे. फ्री टी-४ चे १.२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १५.४ पिकोमोल प्रति लिटर हे एकच प्रमाण आहे. प्रयोगशाळा बदलली की आकडा ‘तेरापट वाढला’ असे वाटून अनेकांची झोप उडते. मग त्याच कागदावर छापलेली मर्यादा पाहावी, दुसऱ्या प्रयोगशाळेची नव्हे. ही मर्यादा सहसा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात अशी आखलेली असते. म्हणजे प्रत्येक तपासणीत वीसपैकी एक निरोगी माणूस तिच्याबाहेर पडतो, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर एखादा तरी आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. लक्षणे नसताना मागवलेल्या भल्यामोठ्या तपासणी-संचांपासून म्हणूनच दूर राहावे.

पुढच्या वेळी नमुना देताना अहवालाच्या पावतीवर स्वतःच्या हाताने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : नमुना घेतल्याची वेळ, संप्रेरकाची शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ, लागू असल्यास पाळीचा कितवा दिवस, आणि गेल्या महिन्यातली सर्व औषधे, त्यात गर्भनिरोधक गोळ्या, मलमे आणि केसांच्या गोळ्याही. मागचे अहवाल तारखेच्या क्रमाने लावून सोबत न्यावेत, आणि डॉक्टरांनी एखाद्या आकड्यावर बोट ठेवले की विचारावे, ‘याच्या जोडीचा आकडा कोणता, आणि तो आपण तपासला आहे का?’